कर्ता आणि क्रियापद यांच्यामधील क्रियाविशेषण : इंग्रजी शब्दक्रमाच्या एका नियमाची चिकित्सा

सारांश

इंग्रजी वाक्यात कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये येणारे क्रियाविशेषण हा आपल्या शालेय व महाविद्यालयीन व्याकरणात केवळ शब्दक्रमाचा प्रश्न मानला जातो. प्रस्तुत लेखात या भूमिकेची चिकित्सा केली आहे. या स्थानाविषयीचे प्रचलित नियम वर्णन म्हणून बव्हंशी बरोबर असले, तरी ते स्थानाचे प्रयोजन सांगत नाहीत. हे स्थान प्रामुख्याने कर्ता आणि कृती यांच्यातील नाते सांगण्याचे आहे. कर्त्याचा हेतू, कृतीची वारंवारता आणि बोलणाऱ्याचा अंदाज येथे नोंदवला जातो. म्हणून त्याचे अध्यापन अर्थापासून सुरू व्हावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : क्रियाविशेषण, मध्यस्थान, अर्थव्याप्ती, नकार, मराठी शब्दक्रम, इंग्रजीचे अध्यापन.

१. प्रस्तावना

शब्दांच्या सर्व जातींमध्ये क्रियाविशेषण ही व्याकरणकारांना सर्वाधिक अडचणीत टाकणारी जात होय. नाम, सर्वनाम, क्रियापद यांची वाक्यातील जागा इंग्रजीत बऱ्याच अंशी ठरलेली असते. क्रियाविशेषण मात्र वाक्याच्या आरंभी येते, शेवटी येते आणि मधेही येते. त्यातील आरंभीची व शेवटची जागा विद्यार्थ्यांना फारशी अडवत नाही. अडचण होते ती मधल्या जागेची. 'मीरा ऑफन रीड्स नॉव्हेल्स' हे वाक्य बरोबर, 'मीरा रीड्स ऑफन नॉव्हेल्स' हे चूक, 'मीरा इज ऑफन लेट' हे बरोबर आणि 'मीरा ऑफन इज लेट' हे सामान्यतः टाळावे, असे आपण वर्गात सांगतो. का, असे विद्यार्थ्याने विचारले, तर 'तसा नियम आहे' यापलीकडे आपले उत्तर सहसा जात नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हे 'का' आहे. मधल्या जागेला येथे 'मध्यस्थान' असे म्हटले आहे. या स्थानाविषयी तीन प्रकारची मते आढळतात. पहिले मत पाठ्यपुस्तकी व्याकरणाचे, दुसरे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या लेखनविषयक परंपरेचे आणि तिसरे गेल्या सुमारे सत्तर वर्षांतील भाषाविज्ञान व भाषाविषयक तत्त्वज्ञान यांचे. या तिन्हींचा क्रमाने विचार करून मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांतून काय हाती लागते, हे पाहावयाचे आहे. इंग्रजी उदाहरणवाक्ये देवनागरीत दिली आहेत.

२. पाठ्यपुस्तकी नियम आणि त्याची मर्यादा

महाराष्ट्रातील इंग्रजीच्या शिक्षकांच्या किमान दोन पिढ्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणावर पोसल्या आहेत. त्या पुस्तकातील क्रियाविशेषणांच्या स्थानाविषयीचे प्रकरण अगदी नेमके आहे. वारंवारता दाखवणारी 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ऑफन', 'युज्वली' यांसारखी आणि 'ऑलमोस्ट', 'ऑलरेडी', 'हार्डली', 'जस्ट' यांसारखी क्रियाविशेषणे एकशब्दी क्रियापदापूर्वी येतात. क्रियापद अनेकशब्दी असेल तर ती त्याच्या पहिल्या शब्दानंतर येतात. क्रियापद 'अ‍ॅम', 'इज', 'आर', 'वॉज' यांपैकी असेल तर त्याच्यानंतर येतात. रीतिवाचक क्रियाविशेषणे मात्र क्रियापदानंतर किंवा कर्मानंतर ठेवावीत, असे तेथे सांगितले आहे.

वर्णन म्हणून यात दोष काढण्यासारखे थोडेच आहे. अडचण आहे ती ही, की येथे तीन वेगवेगळे नियम शेजारी शेजारी मांडले आहेत आणि त्यांना जोडणारे सूत्र दिलेले नाही. विद्यार्थी तीन नियम पाठ करतो आणि परीक्षेनंतर तिन्ही विसरतो. वस्तुतः हे तीन नियम एकाच नियमाची तीन रूपे आहेत. इंग्रजीत क्रियाविशेषणाची जागा बऱ्यापैकी स्थिर असून हलते ते क्रियापद, असे मानले की हे सूत्र उलगडते.

ज्याँ-इव्ह पोलॉक या भाषावैज्ञानिकाने १९८९ मध्ये 'लिंग्विस्टिक इन्क्वायरी' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात ही मांडणी केली आणि ती पुढे या क्षेत्रात पायाभूत ठरली. फ्रेंच भाषेत 'मीरा – वाचते – अनेकदा – कादंबऱ्या' असा क्रम येतो, तर इंग्रजीत 'मीरा – अनेकदा – वाचते – कादंबऱ्या' असा. पोलॉक यांच्या मते दोन्ही भाषांत 'अनेकदा' जागच्या जागीच असते. फ्रेंचमधील काळ-पुरुष दाखवणारे क्रियापद त्याला ओलांडून पुढे जाते, तर इंग्रजीतील सामान्य क्रियापद जागेवरच राहते. इंग्रजीत ओलांडण्याची ही मुभा केवळ 'बी' आणि 'हॅव' यांसारख्या साहाय्यक क्रियापदांना उरली आहे. म्हणून 'इज ऑफन', 'हॅज ऑफन' असा क्रम होतो, पण 'रीड्स ऑफन नॉव्हेल्स' असा होत नाही. नकारदर्शक 'नॉट' या शब्दाचे वर्तनही याच पद्धतीचे आहे. 'इज नॉट' चालते, 'रीड्स नॉट' चालत नाही आणि तेथे 'डू' आणावा लागतो.

या मांडणीला इंग्रजीच्या इतिहासाचाही आधार आहे. 'आय नो नॉट' ही रचना एके काळी इंग्रजीत पूर्णपणे स्वाभाविक होती. शेक्सपिअरच्या काळातील गद्य-पद्य वाचणाऱ्यास ती परिचित आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यांत 'डू'चा वापर वाढत गेला आणि सामान्य क्रियापदाने पुढे सरकण्याची शक्ती हळूहळू गमावली. पाठ्यपुस्तकातील तीन स्वतंत्र वाटणारे नियम या एका ऐतिहासिक बदलाचे अवशेष आहेत. हे विद्यार्थ्यास सांगितले तर तीन गोष्टी लक्षात ठेवण्याऐवजी त्याला एक गोष्ट समजते.

तथापि या स्पष्टीकरणालाही मर्यादा आहे. क्रियाविशेषण कोठे बसते आणि का बसते, हे ते सांगते. तेथे बसल्यामुळे वाक्याच्या अर्थात काय घडते, हे सांगत नाही. त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शुद्धतावादी परंपरेचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

३. 'तोडू नये' हा दंडक

कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात 'टु' आणि त्यापुढील क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्यास आक्षेप घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आक्षेपाचा दंडक बनला. 'टु केअरफुली रीड' असे लिहिणे हे अशिक्षितपणाचे लक्षण समजले जाऊ लागले. पुढे हा दंडक आपल्या मूळ मर्यादेबाहेर पसरला. साहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्येही काही घालू नये, म्हणजे 'विल केअरफुली रीड' हेही टाळावे, असे काही लेखक मानू लागले. हेन्री वॉटसन फाउलर यांनी १९२६ च्या 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' या कोशात या पसरलेल्या समजुतीचा समाचार घेतला आहे. साहाय्यक आणि मुख्य क्रियापद यांच्यामधील जागा ही क्रियाविशेषणाची स्वाभाविक जागा आहे आणि तेथून त्याला हुसकावणे म्हणजे इंग्रजी बिघडवणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. शुद्धतेचे पुरस्कर्ते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांनीच हा दंडक नाकारला होता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

या दंडकाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण म्हणून २० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या शपथविधीकडे बोट दाखवले जाते. अमेरिकेच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचे पस्तीस शब्द ठरवून दिले आहेत. त्यांत 'निष्ठेने' या अर्थाचा 'फेथफुली' हा शब्द 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्यामध्ये आहे. शपथ देणारे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ती कागदात न पाहता सांगताना हा शब्द वाक्याच्या शेवटी नेला. बराक ओबामा क्षणभर थांबले, आणि अखेरीस त्यांच्याही तोंडून तो शब्द शेवटीच आला. शंकेला जागा राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारी रोजी, व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा देण्यात आली. मानसशास्त्रज्ञ व भाषाभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी लगोलग 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलेल्या लेखात असे मत मांडले, की क्रियापद 'तोडू नये' या संस्काराचा पगडा रॉबर्ट्स यांच्यावर असल्याने त्यांनी नकळत घटनेच्या शब्दांचेच संपादन केले.

पिंकर यांचे हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, परंतु ते अनुमान आहे, हे विसरून चालणार नाही. एवढ्या मोठ्या समारंभात पाठ केलेले वाक्य सांगताना एखादा शब्द मागेपुढे होणे अशक्य नाही. रॉबर्ट्स यांच्या मनात काय होते, हे त्यांच्या एका वाक्यावरून सिद्ध करता येत नाही. या प्रसंगाचे महत्त्व दुसऱ्याच कारणासाठी आहे. या विशिष्ट वाक्यात 'फेथफुली' मध्ये असला काय आणि शेवटी असला काय, अर्थात फारसा फरक पडत नाही. घटनेचे शब्द जसेच्या तसे असावेत, एवढ्याच कारणासाठी शपथ पुन्हा दिली गेली. त्यामुळे क्रियाविशेषणाचे स्थान ही निव्वळ औपचारिकता आहे, असा समज या प्रसंगातून दृढ होण्याचा धोका आहे. हा समज चुकीचा कसा आहे, ते पुढील विवेचनातून दिसेल.

४. स्थान बदलले की अर्थ बदलतो

'द सेक्रेटरी फूलिशली आन्सर्ड द लेटर' आणि 'द सेक्रेटरी आन्सर्ड द लेटर फूलिशली' ही दोन वाक्ये घेऊ. पहिल्याचा स्वाभाविक अर्थ असा, की चिटणिसांनी त्या पत्राला उत्तर दिले, हाच मूर्खपणा झाला. उत्तर कदाचित अत्यंत हुशारीने लिहिलेले असेल. दुसऱ्याचा अर्थ असा, की त्यांनी दिलेले उत्तर मूर्खपणाचे होते. उत्तर देणे आवश्यकही असेल. मध्यस्थानी असलेले क्रियाविशेषण कर्त्याला जबाबदार धरते. अंत्यस्थानी असलेले क्रियाविशेषण कृतीची रीत सांगते.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये ॲरिस्टॉटेलियन सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात या भेदाकडे लक्ष वेधले होते. त्या भाषणाचा विषय व्याकरण नव्हता. माणूस आपल्या कृतीबद्दल सबब सांगतो तेव्हा नेमके काय करतो, हा त्यांचा प्रश्न होता. गोगलगायीवर पाय पडण्याचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले, की वेंधळेपणा दाखवणारे क्रियाविशेषण क्रियापदापूर्वी ठेवले तर पाय पडणे हीच वेंधळेपणाची गोष्ट ठरते. तेच नंतर ठेवले तर पाय मुद्दाम टाकला असूनही तो नीट टाकता आला नाही, असे सूचित होऊ शकते. कृती करणाऱ्याचे उत्तरदायित्व शब्दाच्या जागेवर अवलंबून असते, ही या विवेचनातून निघणारी गोष्ट आहे. पुढे रे जॅकेंडॉफ यांनी १९७२ मध्ये प्रजनक (जनरेटिव्ह) व्याकरणाच्या चौकटीत क्रियाविशेषणांचे अर्थानुसार वर्ग पाडले. त्यांत कर्त्याविषयी सांगणारी, बोलणाऱ्याविषयी सांगणारी आणि रीत सांगणारी असा भेद केला, आणि कोणता वर्ग कोणत्या जागी बसतो हे दाखवले.

मध्यस्थान ही एकच जागा आहे, असेही समजण्याचे कारण नाही. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या बृहत् व्याकरणात मध्यस्थानाचेही उपप्रकार केले आहेत. 'द लेटर हॅड प्रॉबब्ली बीन केअरफुली रेड' या वाक्यात दोन क्रियाविशेषणे मध्यस्थानीच आहेत. पहिले बोलणाऱ्याचा अंदाज सांगते, दुसरे वाचण्याची रीत. त्यांची अदलाबदल केली तर वाक्य मोडते. मराठीतही 'ते पत्र बहुधा काळजीपूर्वक वाचले गेले असावे' असे आपण म्हणतो. 'काळजीपूर्वक बहुधा वाचले गेले असावे' हे कानाला खटकते. गुलिएल्मो चिंक्वे यांनी १९९९ मध्ये असा दावा केला, की क्रियाविशेषणांचा हा आपसांतील क्रम सर्व भाषांत समान असून तो वाक्यरचनेतच बांधलेला आहे. थॉमस अर्न्स्ट यांनी २००२ मध्ये त्याला उत्तर देताना हा क्रम मुख्यतः अर्थातून निष्पन्न होतो, असे म्हटले. सैद्धांतिक वाद अद्याप संपलेला नाही. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र अर्न्स्ट यांची दिशा अधिक उपयुक्त आहे. बोलणाऱ्याचा निर्णय संपूर्ण विधानाला व्यापतो, म्हणून तो बाहेर असतो. कृतीची रीत कृतीपुरती असते, म्हणून ती क्रियापदाच्या जवळ असते. हे कारण विद्यार्थ्याला समजते. बांधीव क्रमाची लांबलचक यादी समजत नाही.

स्थान आणि अर्थ यांचा संबंध सर्वांत स्पष्ट होतो तो नकारार्थी वाक्यात. 'आय रिअली डू नॉट नो' म्हणजे 'मला खरोखरच माहीत नाही'. 'आय डू नॉट रिअली नो' म्हणजे 'मला तसे नीटसे माहीत नाही'. पहिल्या वाक्यात 'रिअली' नकाराच्या बाहेर असून नकाराला बळकटी देतो. दुसऱ्यात तो नकाराच्या आत असून नकाराला सौम्य करतो. याहून गंभीर उदाहरण घ्यावयाचे तर 'शी डेलिबरेटली डिड नॉट साइन' आणि 'शी डिड नॉट डेलिबरेटली साइन' ही वाक्ये पाहावीत. पहिल्या वाक्यातील स्त्रीने सही करण्याचे हेतुतः टाळले. दुसऱ्या वाक्यातील स्त्रीने बहुधा सही केली, पण हेतुतः नव्हे.

आता यांचे मराठी करू. 'तिने मुद्दाम सही केली नाही.' हे मराठी वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि क्रियाविशेषण त्याच्या आधी असते. त्यामुळे 'मुद्दाम' नकाराच्या आत आहे की बाहेर, हे केवळ शब्दक्रमावरून ठरत नाही. ते उच्चारातील आघातावरून, संदर्भावरून किंवा 'तिने सही केली, पण ती मुद्दाम नव्हे' अशा वेगळ्या रचनेवरून ठरते. मराठीत जे काम आघात व संदर्भ करतात, ते इंग्रजीत मुख्यतः जागा करते. भाषांतरपद्धतीने इंग्रजी शिकवताना या दोन्ही इंग्रजी वाक्यांखाली एकच मराठी वाक्य लिहिले जाते, आणि जो भेद शिकवावयाचा तोच नाहीसा होतो.

५. कायद्याच्या भाषेतील साक्ष

हा भेद किती दूरगामी असू शकतो, याची साक्ष कायद्याच्या भाषेत मिळते. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांच्या नेतृत्वाखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये मसुदा तयार केलेली आणि १८६० मध्ये संमत झालेली भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत अंमलात होती. या संहितेच्या आरंभीच्या व्याख्यांच्या प्रकरणात 'डिसऑनेस्टली' (कलम २४), 'फ्रॉड्युलंटली' (कलम २५) आणि 'व्हॉलंटरिली' (कलम ३९) यांच्या स्वतंत्र व्याख्या होत्या. हे तिन्ही शब्द क्रियाविशेषणे आहेत. कायदा सामान्यतः नामांच्या व्याख्या करतो. येथे तो क्रियाविशेषणांच्या करतो, कारण साधी कृती आणि गुन्हा यांना वेगळे करणारा शब्द तोच आहे. कलम ३२३ मध्ये 'व्हॉलंटरिली' हा शब्द 'हूएव्हर' हा कर्ता आणि 'कॉझेस' हे क्रियापद यांच्यामध्ये होता. जो कोणी इच्छापूर्वक दुखापत पोचवील, त्याला शिक्षा. 'इच्छापूर्वक' हा शब्द काढला तर चुकून धक्का लागलेला माणूसही अपराधी ठरेल. नव्या संहितेनेही ही रचना आणि या क्रियाविशेषणांच्या व्याख्या कायम ठेवल्या आहेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ मध्ये, म्हणजे शपथेच्या प्रसंगाच्याच वर्षी, आलेला फ्लोरेस-फिगेरोआ खटला याहून बोलका आहे. २००४ च्या एका कायद्यानुसार, विशिष्ट गुन्हे करताना जो कोणी जाणूनबुजून दुसऱ्या व्यक्तीचे ओळखसाधन कायदेशीर अधिकाराशिवाय हस्तांतरित करील, बाळगील किंवा वापरील, त्याला दोन वर्षांची जादा कैद होते. 'नोइंगली' हा शब्द तेथे क्रियापदांच्या लगतच आधी आहे. आरोपीने खोटा क्रमांक वापरला होता, हे उघड होते. तो क्रमांक खरोखरच अस्तित्वात असलेल्या दुसऱ्या माणसाचा आहे, हे त्याला ठाऊक होते का, हा प्रश्न होता. 'नोइंगली'ची व्याप्ती केवळ 'वापरणे' या क्रियापदापुरती, की 'दुसऱ्या व्यक्तीचे' या शब्दांपर्यंत? न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी न्यायालयाच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्रात ४ मे २००९ रोजी सांगितले, की सामान्य इंग्रजी वाचक असे क्रियाविशेषण क्रियापद आणि त्याचे संपूर्ण कर्म या दोहोंना लावतो. सबब ते ज्ञान सिद्ध करणे सरकारपक्षावर बंधनकारक आहे. निकालाशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी मात्र हा नियम सर्वत्र सरसकट लावता येणार नाही आणि संदर्भ पाहावा लागेल, अशी पुस्ती जोडली.

ही पुस्ती महत्त्वाची आहे. मध्यस्थानामुळे व्याप्ती सुचवली जाते, ती गणितासारखी निश्चित होत नाही. म्हणून येथेही अंतिम प्रमाण अर्थ हेच ठरते. परंतु एका शब्दाची व्याप्ती कोठपर्यंत, या प्रश्नावर माणसाच्या आयुष्यातील दोन वर्षे अवलंबून असू शकतात, हे लक्षात घेतले, की क्रियाविशेषणाचे स्थान हा केवळ लेखनशिष्टाचाराचा विषय राहत नाही.

६. मराठी विद्यार्थी आणि मध्यस्थान

मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून आजपर्यंतच्या मराठी व्याकरणांत क्रियाविशेषणाचा विचार मुख्यतः अर्थ आणि रूप या अंगांनी होत आला आहे. हे स्वाभाविक आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी असल्याने कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये वाक्यातील जवळजवळ सर्व काही येते. मध्यस्थान ही मराठीतील विशेष जागा नव्हे, ती वाक्याची सर्वसाधारण जागा आहे. विद्यार्थी ही सवय घेऊनच इंग्रजीकडे येतो.

या सवयीतून दोन प्रकारच्या चुका होतात. 'मी काल पुण्याला गेलो' यावरून 'आय येस्टरडे वेंट टु पुणे' ही पहिली. येथे मराठीतील क्रम सरळ उतरला आहे. दुसरी चूक अधिक लक्षणीय आहे : 'ही स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश'. मराठीत 'तो इंग्रजी अस्खलित बोलतो' या वाक्यात 'अस्खलित' क्रियापदाला चिकटून आहे आणि कर्म त्याच्या पलीकडे आहे. विद्यार्थ्याला एवढे ठाऊक असते, की इंग्रजीत क्रियापद आधी आणि कर्म नंतर. तो मराठी क्रम आरशात पाहावा तसा उलटा करतो. क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटलेलेच राहते आणि क्रियापद व कर्म यांच्यामध्ये अडकते. ही चूक निष्काळजीपणाची नसून एका अर्थी तर्कशुद्ध आहे.

हीच चूक फ्रेंचभाषक विद्यार्थीही करतात, पण वेगळ्या कारणाने. त्यांच्या भाषेत क्रियापद क्रियाविशेषणाला ओलांडून पुढे जाते, हे वर आलेच आहे. लिडिया व्हाइट यांनी कॅनडातील क्वेबेकमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंचभाषक शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना क्रियाविशेषणाच्या स्थानाचे प्रत्यक्ष शिक्षण देण्यात आले, त्यांची ही चूक त्या वेळी सुधारली. वर्षभराने पाहता ती सुधारणा टिकलेली नव्हती. नियम शिकवल्याने नियम येतो, पण तो भाषेत मुरतोच असे नाही, हा या अभ्यासाचा धडा होय. दोन भाषांतील मुले एकच चूक दोन कारणांनी करतात, म्हणून एकच तयार उपाय सर्वत्र लागू पडेल असे मानता येत नाही. मराठी विद्यार्थ्याची चूक मराठीच्या अंगाने समजून घ्यावी लागेल.

'ओन्ली' या शब्दाच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. मराठीत 'च' हे अव्यय ज्या शब्दावर भर द्यावयाचा त्याच्या शेपटीला जोडले जाते : 'मीच काल आलो', 'मी कालच आलो', 'मी काल आलोच'. 'कालच' याचे 'येस्टरडे ओन्ली' होते आणि 'आय केम येस्टरडे ओन्ली' ही भारतीय इंग्रजीतील सुपरिचित रचना तयार होते. उलट इंग्रजी बोलणारा 'आय ओन्ली केम येस्टरडे' असे म्हणतो. तो 'ओन्ली' मध्यस्थानी ठेवतो आणि भर कोठे आहे हे आघाताने दाखवतो. शुद्धतावादी दंडकाप्रमाणे 'ओन्ली' संबंधित शब्दाच्या लगत हवा. फाउलर यांनी बोलीतील या मध्यस्थानाचीही पाठराखण केली होती. अर्थभ्रम होणार असेल तेव्हाच जागा बदलावी, अशी त्यांची भूमिका. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. नकाराच्या बाबतीत मराठी आघातावर अवलंबून आणि इंग्रजी जागेवर. 'च'च्या बाबतीत मराठी जागेवर अवलंबून आणि इंग्रजी आघातावर. एक भाषा काटेकोर आणि दुसरी सैल, असे यातून सिद्ध होत नाही. प्रत्येक भाषा आपला काटेकोरपणा वेगळ्या ठिकाणी खर्च करते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, मध्यस्थानाविषयीचे पाठ्यपुस्तकी नियम वर्णन म्हणून ग्राह्य आहेत, परंतु त्यांमागील एकसूत्रता सांगितल्याशिवाय त्यांचे अध्यापन अपुरे राहते.

दोन, साहाय्यक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, या दंडकास आधार नाही. विद्यार्थ्याच्या लेखनात अशी रचना आढळल्यास गुण कापणे अन्यायाचे आहे.

तीन, मध्यस्थान, विशेषतः हेतुदर्शक क्रियाविशेषणांच्या बाबतीत, कर्त्याचे कृतीशी असलेले नाते आणि नकाराची व्याप्ती दाखवते. म्हणून 'योग्य जागी क्रियाविशेषण लिहा' या स्वरूपाच्या प्रश्नांबरोबरच 'पुढील दोन वाक्यांतील अर्थभेद मराठीत स्पष्ट करा' असे प्रश्न विचारले जावेत. पहिल्या प्रकारचा प्रश्न स्मरणशक्ती तपासतो. दुसरा प्रकार विद्यार्थ्याला वाक्य वाचावयास लावतो.

चार, असे प्रश्न विचारण्यासाठी मराठीचा वर्गातील वापर अडथळा न मानता साधन मानावा लागेल. 'तिने मुद्दाम सही केली नाही' या वाक्याचे दोन अर्थ ज्या विद्यार्थ्याला एकदा दिसले, तो इंग्रजीतील 'डेलिबरेटली'ची जागा सहसा विसरणार नाही. इंग्रजी आणि मराठी हे दोन विभाग आपल्या महाविद्यालयांत बहुधा शेजारी असतात, पण व्याकरणाच्या प्रश्नावर ते क्वचितच एकत्र येतात. क्रियाविशेषणाचे स्थान हा अशा एकत्रित अध्यापनाचा आरंभबिंदू ठरू शकेल. पदवीच्या पहिल्या वर्षी दोन्ही विषयांच्या प्राध्यापकांनी मिळून या एका घटकाचे चार तास घ्यावेत, इतका मर्यादित प्रयोगही त्यासाठी पुरेसा आहे.